कमांड लाइनवरच्या बॅकअपचं डॉक्युमेंटेशन नवख्यांसाठी कसं लिहावं

कमांड लाइनवरचं, म्हणजे माउसऐवजी कमांड टाइप करून चालणारं, बॅकअप सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस जाताना सहसा एक पान लिहून ठेवतो. त्या पानावर सगळं बरोबर असतं. तरीही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये हार्ड डिस्क गेली की फोन त्यालाच येतो, कारण पान वाचून फाइल परत आणणं तिथल्या कुणालाच जमत नाही. रेस्टिक, बोर्ग, आरसिंक, आरक्लोन ही साधनं फुकट आहेत आणि भरवशाची आहेत. त्यांचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही तपशीलवार आहे. पण ते टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) सवय असलेल्यांसाठी आहे, आणि आपण ऑफिसांत लिहून देतो ती पानं बहुतेक वेळा त्याचीच छोटी नक्कल असतात.

चुकतं ते मांडणीत. सॉफ्टवेअर काय काय करू शकतं, या क्रमानं आपण लिहीत जातो. वाचकाला एकच गोष्ट हवी असते: गेलेली फाइल परत मिळेल का? म्हणून खालचे सगळे टप्पे रिस्टोर, म्हणजे बॅकअपमधून फाइल परत आणणं, धरून लावले आहेत. नाशिकमध्ये गिऱ्हाइकांकडे बॅकअप बसवून देणाऱ्यांना ते उपयोगी पडतील, तसेच एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन सुधारायला हात लावणाऱ्यांनाही.

कमांडची नावं या लेखात वाचायला सोयीची म्हणून देवनागरीत दिली आहेत. तुमच्या पानावर ती जशी टाइप करायची तशीच, इंग्रजी अक्षरांत द्या.

टप्पा १: वाचक एकच ठरवा

"सर्वांसाठी" लिहिलेलं पान कुणाच्याच कामाचं राहत नाही. लिहायला बसण्याआधी डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस आणा. समजा, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष पॅकहाउसमधली ऑफिस असिस्टंट. तिच्याकडे निर्यातीची कागदपत्रं, लॅबचे रेसिड्यू रिपोर्ट आणि टॅलीचा डेटा आहे. एक्सेल तिला उत्तम येतं, टॅलीत ती तुमच्यापेक्षा जलद आहे, पण कमांड टाइप करायची काळी खिडकी तिनं कधी उघडलेली नाही.

तिला काय येतं आणि काय येत नाही, याच्या दोन याद्या करा. फोल्डर बनवणं, कॉपी-पेस्ट, पेन ड्राइव्ह सुरक्षित काढणं हे येतं. पॉवरशेल (विंडोजमधली कमांडची खिडकी) कुठून उघडतात, "पाथ" म्हणजे काय, "रूट" (लिनक्सवर सगळे अधिकार असलेला युजर) कोण, हे येत नाही. दुसऱ्या यादीतली प्रत्येक गोष्ट एकतर पानात समजावून सांगावी लागेल, नाहीतर ती गोष्ट लागणारच नाही अशा रीतीनं पायरी बदलावी लागेल. मी शक्यतो दुसरा मार्ग धरतो. पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचा त्या फोल्डरांची यादी) सेट करायला शिकवण्यापेक्षा प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचा ते आपणच ठरवून देणं बरं.

मग पानाच्या सुरुवातीला चार ओळी लिहा: हे पान कुणासाठी आहे, कोणत्या विंडोज किंवा लिनक्सवर चालतं, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती धरली आहे, आणि पान संपल्यावर हातात काय असेल.

तपासणी: "विंडोज आणि लिनक्स दोन्हींसाठी" असं लिहावंसं वाटत असेल तर दोन पानं करा. एकाच पानात "विंडोज असेल तर असं, नाहीतर तसं" आलं की नवखा माणूस दोन्ही कमांड चालवून बघतो.

टप्पा २: कोरं मशीन आणि सरावाचा डेटा

तुमच्या रोजच्या लॅपटॉपवर बसून हे पान लिहू नका. तिथे पाथ आधीच लागलेला असतो, रिपॉझिटरीचा (बॅकअप साठवायच्या जागेचा) पत्ता आणि पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सिस्टीमनं लक्षात ठेवलेल्या सेटिंगमध्ये) बसलेला असतो, लागणारं सगळं इन्स्टॉल झालेलं असतं. तुमच्याकडे कमांड धावते आणि वाचकाकडे धावत नाही, ती त्यामुळेच. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कोरा कॉम्प्युटर) घ्या, आणि ते शक्य नसेल तर निदान विंडोजवर नवं युजर अकाउंट उघडा.

मग सरावाचं फोल्डर बनवा. त्यात खऱ्या आयुष्यातल्या अडचणी मुद्दाम घाला: "मार्च अखेर बिले" असं मध्ये जागा सोडलेलं मराठी नाव, एक मोठी फाइल, एक एक्सेल फाइल जी उघडीच ठेवायची, फोल्डरच्या आत फोल्डर. जागा असलेल्या नावाला अवतरण चिन्हं लागतात, हे तुमच्या पानात आपोआप येईल. आधी "टेस्ट १" नावाच्या फोल्डरवर लिहिलं आणि मग गिऱ्हाइकाकडे गेलं, असं होऊ देऊ नका.

विंडोजवर इन्स्टॉलेशनची पायरी कोऱ्या मशीनवर करून बघितलीत तर तीन खड्डे लगेच दिसतील. रेस्टिकची झिप उघडली की आतल्या फाइलचं नाव नुसतं "रेस्टिक" नसतं, त्यात आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार जोडलेला असतो. पानात "रेस्टिक टाइप करा" लिहिलं असेल तर ते चालणारच नाही, आधी नाव बदलावं लागतं. नाव बदलताना दुसरा खड्डा: विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन दाखवत नाही, म्हणून वाचक "डॉट ईएक्सई" स्वतः जोडतो आणि ते दोनदा लागतं. आणि तिसरा: माणूस सवयीनं त्या फाइलवर डबल क्लिक करतो, काळी खिडकी उघडून क्षणात बंद होते, आणि सॉफ्टवेअर खराब आहे असा त्याचा समज होतो. "यावर डबल क्लिक करून काही होणार नाही, हे पॉवरशेलमधूनच चालतं" ही एक ओळ तिथे असायलाच हवी.

टप्पा ३: क्रम लावा, रिस्टोर लवकर आणा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

नेहमीचा क्रम असा दिसतो: इन्स्टॉल, मग रिपॉझिटरीचे सगळे प्रकार, मग बॅकअपचे सगळे पर्याय, मग फायली वगळण्याचे नियम, मग शेड्यूल, मग जुने स्नॅपशॉट (एकेका वेळी घेतलेले बॅकअप) काढणं, आणि सगळ्यात शेवटी रिस्टोर. वाचक तिथपर्यंत पोहोचतच नाही. बॅकअप चालू झाला की तो पान बंद करतो, आणि रिस्टोर पहिल्यांदा करायची वेळ येते ती डिस्क गेल्यावर, मालक मागे उभे असताना.

त्याऐवजी पहिलं पान एवढंच ठेवा:

१. प्रोग्रॅम ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आवृत्ती विचारून बघा. आवृत्तीचा आकडा दिसला म्हणजे प्रोग्रॅम सापडतो आहे.

२. सरावाचं छोटं फोल्डर बनवा. खरा डेटा अजून नाही.

३. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर रिपॉझिटरी तयार करा. रेस्टिकमध्ये ही "इनिट" कमांड. इथेच पासवर्ड ठरतो.

४. सरावाच्या फोल्डरचा बॅकअप घ्या.

५. स्नॅपशॉटची यादी बघा. एक ओळ दिसली पाहिजे, आजच्या तारखेची.

६. सरावाच्या फोल्डरमधली एक फाइल स्वतःच्या हातानं डिलीट करा.

७. ती फाइल परत आणा, उघडून बघा.

इथे पहिलं पान संपतं. पर्याय, वगळायच्या फायली, क्लाउड यांतलं काहीही इथे नको. सहाव्या पायरीला लोक कचरतात, आणि म्हणूनच ती महत्त्वाची आहे. स्वतः डिलीट केलेली फाइल परत आलेली ज्यानं पाहिली, तो पुढे खऱ्या डेटाच्या वेळी घाबरत नाही आणि पान पुढेही वाचतो.

दुसऱ्या पानावर खरा डेटा, तिसऱ्यावर आपोआप चालवणं, चौथ्यावर जुने स्नॅपशॉट काढणं आणि तपासणी. रिस्टोरचं एक स्वतंत्र पान, त्याबद्दल खाली लिहितो. सगळ्या पर्यायांची यादी वेगळीच ठेवा. ती शोधून बघण्यासाठी असते. शिकवणाऱ्या पानात ती मिसळली की दोन्हींचा उपयोग जातो.

खऱ्या डेटाच्या पानावर दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे डेटा नक्की कुठे आहे. विंडोजवर वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर अनेकदा वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत गेलेली असतात. डोळ्यांना डेस्कटॉप दिसतो, पण त्याचा पाथ, म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता, वेगळाच असतो, आणि बॅकअप रिकाम्या फोल्डरचा होत राहतो. टॅलीचा डेटाही डॉक्युमेंट्समध्ये असेल असं धरू नका, टॅलीच्या आतूनच त्याचा पाथ बघायला सांगा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पाथ कॉपी करायला लावा, टाइप करायला लावू नका.

दुसरी म्हणजे ड्राइव्हचं अक्षर. हार्ड डिस्कला आज "ई" मिळतं, उद्या आधी पेन ड्राइव्ह लावला असेल तर "एफ". डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन शेवटाकडचं एक अक्षर कायमचं नेमून देण्याची पायरी पानातच घाला.

सावधान: दुसरी प्रत कुठे राहणार, हे याच पानावर विचारा. हार्ड डिस्क त्याच कपाटात ठेवली तर चोरी, आग आणि पाणी या तिन्हींत दोन्ही प्रती एकदम जातात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानांत शिरलं होतं. तीन प्रती, दोन वेगळी माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा जुना नियम एका ओळीत सांगा आणि रकाना ठेवा: "आमची बाहेरची प्रत ……… इथे असते."

टप्पा ४: प्रत्येक कमांड चार भागांत लिहा

एका पायरीत एकच कमांड. आणि तिच्याभोवती चार गोष्टी: कुठे टाइप करायची, काय टाइप करायचं, बरोबर झालं तर काय दिसेल, तसं न दिसल्यास काय करायचं. तिसरा आणि चौथा भाग बहुतेक जण गाळतात.

नमुना म्हणून वरची चौथी पायरी पूर्ण लिहून बघू.

*पायरी ४. सरावाच्या फोल्डरचा बॅकअप.*
*कुठे: पायरी १ मध्ये उघडलेल्या पॉवरशेलच्या त्याच खिडकीत. ती बंद केली असेल तर पायरी १ पासून पुन्हा या.*
*काय: खालची ओळ कॉपी करा, खिडकीत पेस्ट करा, एंटर दाबा. (इथे पूर्ण कमांड.) पासवर्ड विचारला जाईल. टाइप करताना अक्षरं किंवा ठिपके काहीच दिसणार नाहीत, पण अक्षरं जात असतात. पूर्ण टाइप करून एंटर दाबा.*
*काय दिसेल: शेवटच्या ओळीत स्नॅपशॉट सेव्ह झाल्याचं इंग्रजीत येईल, सोबत आठ अक्षरं-आकड्यांचा एक क्रमांक. तुमचा क्रमांक आमच्या चित्रातल्यापेक्षा वेगळा असेल, ते बरोबर आहे.*
*नाही दिसलं तर: पासवर्ड चुकल्याचं आलं असेल तर हीच कमांड पुन्हा द्या. दुसरं काही आलं असेल तर एररच्या पानावर ते शब्द शोधा.*

"तुमचा क्रमांक वेगळा असेल" हे वाक्य फालतू वाटतं, पण ते नसेल तर चित्रातला क्रमांक जसाच्या तसा टाइप करणारे वाचक हमखास भेटतात.

लिहिताना पाळायच्या बारीकसारीक गोष्टी, ज्यांनी पान बिघडतं:

कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह देऊ नका. ते प्रॉम्प्ट (टाइप करायला तयार असल्याची खूण) आहे हे तुम्हाला माहीत आहे, वाचक ते कमांडसकट टाइप करतो. लिनक्सवर रूटसाठीच्या हॅश चिन्हाचंही तेच. हॅशसकट पेस्ट केलेली ओळ शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) टिप्पणी म्हणून सोडून देतं. काहीच घडत नाही, एररही येत नाही.

वाचकानं बदलायचा भाग ठळक वेगळा दिसू द्या. कोनी कंस टाळा, त्यांना शेलमध्ये वेगळा अर्थ आहे. "बदला-इथे-फोल्डर" असं सरळ नाव द्या, आणि कमांडच्या खाली लगेच भरलेलं एक उदाहरण द्या.

लांब कमांड दोन ओळींत मोडू नका. लिनक्सवर ओळ पुढे नेण्याचं चिन्ह उलटी तिरकी रेघ, विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर कॅरेट, पॉवरशेलमध्ये बॅकटिक. एकातलं दुसऱ्यात पेस्ट केलं की कमांड अर्धीच धावते. त्यापेक्षा ओळ लांब राहू द्या.

पॉवरशेलमध्ये चालू फोल्डरमधला प्रोग्रॅम नुसत्या नावानं सापडत नाही, नावाआधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ लागते. कमांडमध्ये ती आधीच घालून द्या.

सावधान: पान वर्डमध्ये लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. वर्ड दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतो आणि सरळ अवतरण चिन्हं वाकडी करतो. बघताना फरक कळत नाही, पण वाचकानं कॉपी केलेली कमांड चालत नाही आणि कारण सापडायला दुपार जाते. साधी टेक्स्ट फाइल किंवा वेब पान वापरा. कागदावर छापायचं असेल तर कमांडसाठी एकसारख्या रुंदीचा फॉन्ट घ्या, म्हणजे शून्य आणि ओ, एक आणि एल वेगळे दिसतात.

आणि एका गोष्टीला एकच नाव. आधी "रिपॉझिटरी", मग "रेपो", मग "बॅकअप फोल्डर", मग "डेस्टिनेशन" असं लिहिलं तर वाचकाला वाटतं या चार वेगळ्या वस्तू आहेत. स्क्रीनवर जो शब्द दिसतो तोच पानात ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे मराठीत एका वाक्यात समजावून सांगा.

टप्पा ५: पासवर्ड

रेस्टिकमध्ये पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला. "फरगॉट पासवर्ड" असं बटण नाही, आणि सॉफ्टवेअर बनवणारेही तो काढून देऊ शकत नाहीत. बँकेच्या आणि मेलच्या सवयीमुळे नवख्या माणसाला हे खरं वाटत नाही, म्हणून "इनिट"च्या आधी, त्याच पायरीत, ठळक लिहा. पुढे कुठेतरी टीपेत नको.

पायरी अशी ठेवा: आधी पासवर्ड कागदावर लिहा, कागद पाकिटात घाला, पाकीट कॉम्प्युटरपासून दूर ठेवा, मगच इनिट. बोर्गमध्ये किल्लीची फाइल वेगळी ठेवण्याचा प्रकार निवडला असेल तर पासवर्डासोबत ती फाइलही लागते, म्हणून "की एक्स्पोर्ट" करून तिची प्रत त्याच पाकिटात. ती प्रत फक्त त्याच कॉम्प्युटरवर असेल तर डिस्कबरोबर तीही जाईल.

तपासणी: नवी खिडकी उघडून, कागदावरचा पासवर्ड बघून, स्नॅपशॉटची यादी मागा. पाठ असलेला पासवर्ड टाइप करून ही तपासणी होत नाही.

टप्पा ६: रिस्टोरचं स्वतंत्र पान

हे पान घाईत, घाबरलेल्या अवस्थेत आणि बहुधा दुसऱ्याच कॉम्प्युटरवर वाचलं जातं. त्यामुळे ते बाकीच्या पानांवर अवलंबून नको. "पाहा पान २" असं इथे एकदाही येऊ देऊ नका. प्रोग्रॅम नव्या मशीनवर डाउनलोड करण्यापासून सगळं याच पानावर पुन्हा लिहा.

पहिली ओळ: "थांबा. बिघडलेल्या डिस्कवर काहीही नवीन कॉपी करू नका. बॅकअपची कमांड आत्ता चालवू नका." डेटा उडाल्यावर अनेकांचा हात आधी बॅकअपकडे जातो. रेस्टिकमध्ये त्यानं जुने स्नॅपशॉट बिघडत नाहीत, पण आरसिंकनं हुबेहूब प्रत ठेवली जात असेल आणि "डिलीट" पर्याय लावलेला असेल तर मूळ ठिकाणचं रिकामं फोल्डर बॅकअपही रिकामा करून टाकतं.

मग तीन प्रसंग वेगवेगळे लिहा: एक फाइल गेली, एक फोल्डर गेलं, सगळं मशीन गेलं. वाचकाला आपला प्रसंग शीर्षकातच दिसला पाहिजे.

रिस्टोर नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये करायला सांगा. मूळ जागी नको. तिथे आजची थोडी चांगली फाइल असेल तर तिच्यावर जुनी येऊन बसते. रेस्टिकमध्ये त्यासाठी "रिस्टोर लेटेस्ट" आणि "टार्गेट"ला नव्या फोल्डरचा पाथ द्यायचा. कमांड धावली की वाचक टार्गेटचं फोल्डर उघडतो आणि त्याला आपली फाइल दिसत नाही. दिसतं ते "सी" नावाचं फोल्डर. त्याच्या आत "युजर्स", त्याच्या आत युजरचं नाव, मग डॉक्युमेंट्स, मग त्याची फाइल. रेस्टिक मूळचा संपूर्ण पाथ टार्गेटच्या आत उभा करतो. "रिस्टोर झालंच नाही" अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा फाइल चार फोल्डर आत बसलेली असते. इथे फोल्डरच्या रचनेचं चित्र द्या.

बोर्गचा खड्डा वेगळा आहे. त्याची "एक्स्ट्रॅक्ट" कमांड टार्गेट विचारतच नाही. खिडकी ज्या फोल्डरमध्ये उभी आहे तिथेच सगळं ओतते. म्हणून बोर्गच्या पानात आधी रिकामं फोल्डर बनवणं, मग त्यात जाणं, मग आपण कुठे आहोत ते तपासणं, आणि नंतरच एक्स्ट्रॅक्ट, या चार वेगळ्या पायऱ्या करा. बोर्ग विंडोजवर थेट चालत नाही, हेही वरती सांगून टाका.

काही जण "माउंट"नं स्नॅपशॉट फोल्डरसारखा उघडून हवी ती फाइल उचलायला सांगतात. लिनक्सवर ते फार सोयीचं आहे. रेस्टिकची ही कमांड विंडोजवर नाही, तेव्हा विंडोजच्या पानात तिचं नावही नको.

शेवटची पायरी: परत आलेल्या फायलींतली एक एक्सेल, एक पीडीएफ आणि टॅलीची कंपनी उघडून बघा. फाइल दिसणं पुरेसं नाही, ती उघडली पाहिजे.

हे पान छापून बॅकअपच्या हार्ड डिस्कसोबत ठेवायला सांगा. कॉम्प्युटरच बंद पडला असेल तर त्यातलं पान कोण वाचणार?

टप्पा ७: डेटा घालवणाऱ्या कमांड

इशारा कमांडच्या वर लिहा. नवखा माणूस वाचत वाचत टाइप करतो, खालचा इशारा त्याला एंटर दाबल्यावर दिसतो.

प्रत्येक साधनात काळजीच्या जागा ठरलेल्या आहेत. आरक्लोनमध्ये "कॉपी" काही पुसत नाही, "सिंक" मात्र दुसरी बाजू हुबेहूब पहिलीसारखी करतो, म्हणजे जास्तीच्या फायली काढून टाकतो. दोन्ही पाथ उलटे दिले तर मूळ डेटाच जातो. आरसिंकमध्ये फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघ असली तर आतल्या वस्तू जातात, नसली तर फोल्डर स्वतः जातं, आणि "डिलीट" लावलेला असताना हा फरक महागात पडतो. अशा सगळ्या कमांड आधी "ड्राय रन" (काही न बदलता काय होईल ते फक्त दाखवणारा पर्याय) लावून चालवायच्या, काय पुसलं जाईल ती यादी वाचायची, मग ड्राय रन काढून पुन्हा. पानात या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवा.

जुने स्नॅपशॉट काढण्याबद्दल लोकांचा हमखास गोंधळ होतो. रेस्टिकचं "फर्गेट" फक्त स्नॅपशॉटची नोंद काढतं, डिस्कवरची जागा मोकळी होते ती "प्रून"नं. बोर्गमध्ये "प्रून" आर्काइव्ह (बोर्गमधला स्नॅपशॉट) काढतं, पण १.२ आवृत्तीपासून जागा मोकळी व्हायला "कॉम्पॅक्ट" चालवावं लागतं. एकाच शब्दाचं काम दोन साधनांत वेगळं आहे, तेव्हा एका साधनाचं पान दुसऱ्यावरून नक्कल करू नका. "रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२" असा एक नियम ठरवून द्या आणि त्याचा अर्थ तारखांसकट समजावा. पर्याय निवडायला लावू नका.

टप्पा ८: आपोआप चालवणं

हे पान हातानं आठवडाभर बॅकअप घेतल्यानंतरच उघडायचं, असं वरती लिहा.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये एक अट सुरुवातीपासूनच लावलेली असते: लॅपटॉप चार्जरवर असेल तरच काम सुरू कर. संध्याकाळी लाइट गेली किंवा चार्जर काढला की बॅकअप होत नाही, आणि कुणाला कळतही नाही. ती खूण काढायची पायरी चित्रासह द्या. "वेळ चुकली तर नंतर लवकरात लवकर चालव" हा पर्यायही लावायला सांगा. लिनक्सच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) टर्मिनलमधले व्हेरिएबल येत नाहीत आणि पाथही तोकडा असतो, तिथे प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ आणि पासवर्डची फाइल द्यावी लागते. ती फाइल दुसऱ्यांना वाचता येणार नाही अशी परवानगी लावणं त्याच पायरीत.

मग सांगा की बॅकअप झाला हे ओळखायचं कसं. रेस्टिक शेवटी एक आकडा परत देतो: ० म्हणजे सगळं ठीक, १ म्हणजे स्नॅपशॉट झालाच नाही, ३ म्हणजे स्नॅपशॉट झाला पण काही फायली वाचता आल्या नाहीत. ३ सगळ्यात फसवा, कारण यादीत आजची तारीख दिसते आणि उघडी राहिलेली फाइल आत नसण्याची शक्यता असते. टॅली बंद करूनच बॅकअप चालावा, अशी वेळ निवडायला लावा.

तपासणी: दर सोमवारी स्नॅपशॉटची यादी, दर महिन्याला "चेक", आणि तीन महिन्यांतून एकदा रिस्टोरचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत. साधं "चेक" रिपॉझिटरीची रचना तपासतं. साठवलेला डेटा प्रत्यक्ष वाचून बघायचा असेल तर "रीड डेटा" पर्याय लागतो, आणि त्याला वेळ लागतो, हे लिहून ठेवा.

टप्पा ९: एररचं पान

एरर स्क्रीनवर येते त्याच शब्दांत, इंग्रजीत, शीर्षक म्हणून द्या. वाचक तीच ओळ शोधतो. खाली मराठीत दोन वाक्यं: हे का आलं, आता काय करायचं. पाच-सहा एररनीच बहुतेक काम भागतं: कमांड सापडत नाही, पासवर्ड चुकला, पाथ सापडत नाही, परवानगी नाही, डिस्क भरली, रिपॉझिटरी लॉक आहे.

लॉक म्हणजे रिपॉझिटरीवर काम चालू असल्याची खूण, त्याबद्दल नीट लिहा. आधी दुसरा बॅकअप चालू आहे का ते बघायचं. चालू नसेल, मशीन मध्येच बंद पडून लॉक राहिला असेल, तर रेस्टिकचं "अनलॉक" जुने लॉक काढतं. "सगळे लॉक काढ" असा जबरदस्तीचा पर्याय पानात देऊ नका, चालू असलेल्या बॅकअपचा लॉकही त्यानं निघतो.

टप्पा १०: माणसाला बसवून तपासा

पान तयार झालं की दोन-तीन जणांना कोऱ्या मशीनसमोर बसवा. कॅनडा कॉर्नरच्या एखाद्या सीए ऑफिसमधला आर्टिकलशिप करणारा मुलगा, ओळखीच्या फोटो स्टुडिओतला माणूस, मुक्त विद्यापीठाचा कॉमर्सचा विद्यार्थी असे लोक बघा. कॉम्प्युटर इंजिनिअर नको. त्यांना फक्त पान द्या आणि एकच काम सांगा: डिलीट केलेली फाइल परत आणा.

तुम्ही मागे बसा आणि बोलू नका. ते अडतील तेव्हा तोंडी मदत केलीत तर ती मदत पानावर येत नाही. कुठे थांबले, कुठे मागे गेले, कुठे तुमच्याकडे वळून बघितलं, ते पायरीच्या क्रमांकासह टिपा. "समजलं का?" असं विचारू नका, आपल्याकडे लोक भिडेखातर हो म्हणतात. "आता एंटर दाबल्यावर काय होईल असं वाटतं?" असं विचारा. दोघे जण एकाच पायरीवर अडले की ती पायरी नव्यानं लिहा. तिला आणखी एक टीप जोडून भागत नाही.

मूळ प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बदल सुचवायचा असेल तर हीच टिपणं उपयोगी पडतात. "हे कठीण आहे" असं कळवण्यापेक्षा "अमुक पायरीवर वाचक अमुक टाइप करतो, कारण अमुक वाक्य" असं लिहा आणि सुधारलेलं वाक्य सोबत द्या. एका वेळी एकच छोटा बदल पाठवा, पाहणाऱ्यांनाही तो लवकर तपासून घेता येतो.

सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की कोऱ्या मशीनवर पहिलं पान आणि रिस्टोरचं पान दोन्ही पुन्हा चालवा, वरच्या ओळीतला आवृत्तीचा आकडा बदला. गिऱ्हाइकाकडे छापून ठेवलेली जुनी प्रत परत घ्या आणि नवी ठेवा.